अडीअडचणीचा पैसा कुठे ठेवायचा? सात टक्क्यांच्या मागे धावण्याआधी हे वाचा



गेल्या महिन्याभरात ऑफिसात एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. "अमकी बँक बचत खात्यावर सात टक्के देते म्हणे. घरातले पैसे तिथे नेऊन ठेवू काय?" प्रश्न चांगला आहे आणि वेळही बरोबर आहे. हंगाम चालू आहे, बंदीला अजून चार महिने आहेत, हातात थोडेफार खेळते पैसे आहेत. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लेख थोडा लांब झालाय, पण घरातल्या बाईमाणसांनाही वाचायला द्या. का ते पुढे कळेलच.

आधी अडचण कशाला म्हणायचे ते ठरवू

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी. ती दरवर्षी येते, तारखा ठरलेल्या असतात. तेव्हा बंदीतला घरखर्च, शाळेची फी, होडी रंगवणे, जाळी शिवणे ही अडचण नव्हे, हा ठरलेला खर्च आहे. त्याचे पैसे वेगळे काढायचे.

अडचण म्हणजे जी सांगून येत नाही. भर हंगामात गिअरबॉक्स जातो. जाळे खडकात अडकते आणि अर्धे हाती लागते. रात्री कोणाला तरी हॉस्पिटलात न्यावे लागते. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आले, त्याच्या पाठोपाठ महा आले, आणि ऐन कमाईच्या दिवसांत होड्या जेटीला बांधून ठेवाव्या लागल्या. मे २०२१ मध्ये तौक्तेने हंगामाचे शेवटचे दिवस खाल्ले. हे पैसे अशा वेळेसाठी.

बंदीचे आणि अडचणीचे पैसे एकाच खात्यात असले की जूनमध्ये दोन्ही संपतात. म्हणून खाती दोन ठेवा.

किती ठेवायचे?

खलाशी असाल तर घराचा तीन महिन्यांचा खर्च. होडीमालक असाल तर त्यात इंजिनाच्या एका दुरुस्तीचे पैसे मिळवा. उदाहरण घेऊ. घराला महिना २०,००० लागतात, तर तीन महिन्यांचे ६०,०००. दुरुस्तीचे ३०,०००. एकूण ९०,०००. आकडा बघून घाबरू नका. एकदम कोणी ठेवत नाही. प्रत्येक फेरीचा वाटा हातात आला की आधी ठरावीक रक्कम बाजूला, मग बाकीचा हिशेब. बांगडा चांगला लागला त्या आठवड्यात थोडे जास्त टाका.

व्याजाचा खरा हिशेब

आता त्या सात टक्क्यांकडे येऊ. २०२५ मध्ये स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँकांनी बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. पोस्टाचे बचत खाते चार टक्के देते. काही स्मॉल फायनान्स बँका सात टक्क्यांपर्यंत जाहिरात करतात. आपल्या ९०,००० वर वर्षाला अडीच टक्क्यांनी २,२५० रुपये, चार टक्क्यांनी ३,६०० आणि सात टक्क्यांनी ६,३०० मिळतील.

फरक आहे, नाही असे नाही. पण जाहिरातीत "सात टक्क्यांपर्यंत" असे लिहिलेले असते. तो "पर्यंत" शब्द नीट वाचा. २०११ पासून रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा दर बँकांवर सोडला आहे. एक लाखापर्यंतच्या शिलकीला बँकेने सगळ्यांना एकच दर द्यायचा, त्यावर मात्र रकमेप्रमाणे वेगळा दर देता येतो. त्यामुळे मोठा दर पुष्कळदा काही लाखांच्या वरच्या शिलकीला असतो. तुमच्या ९०,००० ला तिथेही तीन-साडेतीनच मिळत असतील. तेव्हा बँकेत जाऊन एवढेच विचारा: "माझ्या खात्यात नव्वद हजार असले तर मला किती टक्के?" उत्तर लिहून घ्या.

आणखी एक. २०१० पासून बँकेत रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. पोस्टात तसे नाही. तिथे महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज. म्हणजे २५ तारखेला मोठी रक्कम काढली तर त्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज गेले. पोस्टात भरायचे तर १० तारखेच्या आत भरा.

पण मंडळी, या पैशाची मोठी कमाई व्याजात नाहीच. ती उचल न घेण्यात आहे. पन्नास हजार तीन टक्के महिन्याने उचलले तर दर महिन्याला १,५०० गेले, सहा महिन्यांत ९,०००. आणि व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, भाव तो म्हणेल तो. सात टक्के देणारे खाते वर्षभरात जे देईल त्यापेक्षा जास्त एका उचलीत जाते. म्हणून खाते निवडताना व्याज तिसऱ्या नंबरवर ठेवा. पहिल्या नंबरवर पैसा सुरक्षित आहे का, दुसऱ्यावर वेळेला हातात येतो का.

पैसा बुडणार नाही ना?

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे, त्याआधी एकच लाख होती. एका माणसाचे एका बँकेतले सगळ्या शाखांमधले मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख. सरकारी बँक, खाजगी बँक, स्मॉल फायनान्स बँक, सहकारी बँक, सगळ्यांना हाच नियम. तेव्हा स्मॉल फायनान्स बँकेला उगाच घाबरायचे कारण नाही, फक्त पाच लाखांच्या आत राहा. पोस्टातल्या पैशाला तर केंद्र सरकारचीच हमी आहे.

पण विमा आहे म्हणजे पैसा उद्या सकाळी मिळतो असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आपल्या गोव्यात म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये रद्द झाला. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यावे लागतात. चांगली गोष्ट आहे, पण हॉस्पिटल ९० दिवस थांबत नाही. म्हणून सगळा पैसा एकाच लहान बँकेत नको.

पतसंस्थेचे वेगळे. आपल्याकडे क्रेडिट सोसायट्या, कारवार-बेळगावकडे सौहार्द सहकारी, या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही. आपल्या सोसायटीत ठेवलेल्या पैशालाही तो विमा नाही, हे आम्हीच सांगतो. सगळ्या पतसंस्था वाईट असे म्हणणे नाही, कित्येक चांगल्या चालतात. पण अडचणीचा पैसा तिथे ठेवू नका. आपल्या एका सभासदाचे ऐन ऑक्टोबरात इंजिन गेले. पैसे होते, पण एका पतसंस्थेत अडकलेले. "पुढच्या आठवड्यात या" असे ऐकत तीन आठवडे गेले. शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दुरुस्ती होईपर्यंत होडी बांधून होती आणि खलाशी दुसऱ्या होडीवर गेले.

फोन समुद्रात, पैसे खात्यात

हा मुद्दा आपल्याच धंद्याचा आहे, बँकेचा माणूस सांगणार नाही. ट्रॉलर आठ-आठ दिवस बाहेर असतो. खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर, यूपीआय त्याच्या फोनवर, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, आणि फोनला रेंज नाही. घरी मूल आजारी पडले तर खात्यात नव्वद हजार असून बाई शेजारी हात पसरते.

त्यामुळे हे खाते नवरा-बायकोच्या दोघांच्या नावे उघडा आणि फॉर्मवर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" यावर खूण करा. म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने पैसे काढू शकते. एक कार्ड कायम घरात राहू दे आणि पिन घरच्या माणसाला माहीत असू दे. घरी राहणाऱ्या फोनवर यूपीआय चालू करा. लग्न झाले नसेल तर आईबरोबर किंवा भावाबरोबर जॉइंट खाते.

वारसाचे नाव जरूर लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. समुद्रावरच्या माणसाने हे काम उद्यावर टाकू नये.

होडीचे कर्ज जिथे, तिथे हा पैसा नको

ज्या बँकेचे होडीचे किंवा किसान क्रेडिट कार्डाचे कर्ज आहे, त्याच बँकेत हा पैसा ठेवला आणि हप्ते थकले, तर बँक बचत खात्यातली रक्कम कर्जाला वळती करून घेऊ शकते. हप्ते थकतात तेच मुळी अडचणीच्या महिन्यात. विम्याचे पैसे देतानाही आधी कर्ज वजा होते. कर्ज एका बँकेत, अडचणीचा पैसा दुसऱ्या बँकेत, हे बरे.

लहान लहान कात्र्या

किमान शिल्लक विचारा. स्टेट बँकेने २०२० मध्ये किमान शिलकीची अट काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनीही काढली. काही खाजगी बँकांत मात्र सरासरी दहा हजार ठेवावेच लागतात. अडचणीचा पैसा संपला की दंड सुरू, असे खाते आपल्या कामाचे नाही. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून फुकटच्या वेळा संपल्यावर २३ रुपये आणि वर कर जातो. दोन वर्षे खात्याला हातच लावला नाही तर ते निष्क्रिय होते आणि पुन्हा केवायसी करत बसावे लागते. वर्षातून एकदा तरी शंभर रुपये काढा किंवा भरा.

मग शेवटी काय करायचे?

आमच्या मते ९०,००० असतील तर त्यातले ४०,००० जवळच्या, किमान शिलकीची अट नसलेल्या मोठ्या बँकेत जॉइंट खात्यावर. रात्री-अपरात्री हेच कामाला येतील. उरलेले ५०,००० पोस्टात, किंवा तुमच्या रकमेला खरोखर जास्त दर देणाऱ्या आणि ज्याची शाखा तुमच्या तालुक्यात आहे अशा स्मॉल फायनान्स बँकेत. रक्कम मोठी असेल तर बँकेत "स्वीप" खात्याबद्दल विचारा. ठरलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि लागले की मोडून परत येतात. मोडल्यावर किती व्याज कापतात तेही विचारा.

खाते बँकेत जाऊन उघडा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर आधार आणि ओटीपी देऊ नका.

ज्यांना फॉर्म भरायला मदत लागेल त्यांनी आधार, पॅन आणि दोन-दोन फोटो घेऊन सोसायटीत या. दोघांनी या, एकट्याने नको. बंदीपूर्वी चार महिन्यांत जमेल तेवढे जमवू. यंदा जुलैत कोणाच्या घरचे सोने गहाण पडू नये, एवढीच आमची इच्छा.

आपला,
सचिव