डबा, जर्नल आणि लातूर पॅटर्न

जून 2024 मध्ये लातूरचं नाव देशभर गाजलं ते मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या तपासामुळे. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातुरात गुन्हा दाखल झाला, जिल्हा परिषद शाळांतल्या दोन शिक्षकांवर संशय आला, प्रकरण सीबीआयकडे गेलं. कोर्टात काय व्हायचं ते होवो. पण त्या दिवसांत तिथल्या अभ्यासपद्धतीचं ‘लातूर पॅटर्न’ हे नाव ज्या कुत्सित सुरात ऐकू आलं, तो सूर नव्वदच्या दशकात तिथे शिकलेल्या आम्हा लोकांना चांगलाच झोंबला.

लातूरचं दयानंद महाविद्यालय 1961 चं, राजर्षी शाहू 1970 चं. पॅटर्नचं श्रेय यातल्या कुणाचं यावर लातुरात अजून चहा थंड होतो. त्यात मला रस नाही. पद्धत उघड होती. अकरावी संपली की उन्हाळ्यातच बारावी सुरू, दिवाळीच्या मागेपुढे पोर्शन खलास, मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा. तपासलेला पेपर हातात मिळायचा आणि अर्धा मार्क कुठे गेला हे सरांना विचारता यायचं. औरंगाबाद बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आमची पोरं दिसू लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी ‘घोकंपट्टी’ म्हणून नाकं मुरडली. पुढे त्याच शहरांतल्या क्लासेसनी त्याच सराव परीक्षा ‘टेस्ट सिरीज’ म्हणून चकचकीत पुस्तिकेत छापून विकल्या, तेव्हा घोकंपट्टी कुणालाच आठवली नाही.

खरा पॅटर्न मात्र वर्गात नव्हता, तो एसटी स्टँडवर होता. औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूर, कुठून कुठून सकाळच्या गाड्यांनी रूम करून राहणाऱ्या पोरांचे डबे यायचे. ॲल्युमिनियमचा डबा, वर ऑइलपेंटने नाव, फडक्याची घट्ट गाठ. आत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सणासुदीला धपाटे. डबे आणायची पाळी लावलेली असे. ज्याची पाळी चुकली त्याच्यामुळे अख्खी रूम उपाशी. त्याला कुणी रागवत नसे. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी स्टँडवर हजर असे. जबाबदारी म्हणजे काय, हे आम्हाला असं कळलं. बाप गावाकडे, फोन रूमवर नाही, गावातही एखाद्याच घरी. उठायचं आपलं आपण, बसायचं आपलं आपण. पहाटे जो आधी उठेल त्याने बाकीच्यांची पांघरुणं ओढायची, एवढाच नियम.

देवही होताच. सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला, म्हणजे नेमकी बारावीच्या तोंडावर. यात्रेला जायचं, पण धडा संपवून. नाहीतर मित्रच नेत नसत. कुणी सोमवार धरायचा, कुणी सुरतशाहवली दर्ग्यात डोकं टेकवून यायचा, कुणी बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत दिवा लावून बसायचा. नवस बोललेला पोरगा अभ्यासात कमी पडला की रूममधलेच म्हणायचे, ‘देवाचं देव बघंल, तू तुझं बघ की लेका.’ इतकं स्वच्छ धर्मज्ञान मी पुढे कुठल्या प्रवचनात ऐकलं नाही.

मग 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादमधली जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या वर्गातला त्या पट्ट्यातला एक मुलगा लातुरात रूमवर होता म्हणून वाचला. दिवाळीनंतर तो परतला तेव्हा पोरांनी त्याच्यासाठी सगळ्या विषयांच्या नोट्स कार्बन लावून उतरवून ठेवल्या होत्या. प्रॅक्टिकलचं जर्नलही आम्ही भरून देणार होतो. नोट्स त्याने घेतल्या. जर्नल परत केलं. ‘हे माझं मी लिहितो,’ एवढंच म्हणाला. त्या वर्षी यात्रेला तो आमच्याबरोबर आला, पण देवळात शिरला नाही. बाहेर आमच्या चपला सांभाळत उभा राहिला. कुणी आत ये म्हणालं नाही, कुणी कारण विचारलं नाही. श्रद्धा आणि मैत्री दोन्हींना एकमेकींची अदब असलेला तो काळ होता.

त्याच भूकंपातली 1,200 मुलं भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिकायला नेली. त्यांनाही आधार एकमेकांचाच होता.

श्रद्धेच्या त्या अदबीबाबत शेजारच्या नांदेडची गोष्ट वेगळी नाही. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर स्वतः इंटरला अनेकदा नापास झालेले, वर उघड नास्तिक. त्याच गावात सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कुणालाही जात, गाव, टक्के न विचारता पंगतीत बसवतात. ही दोन्ही टोकं पोटात घेणारं ते शहर. 17 सप्टेंबर 1994 ला तिथे विद्यापीठ आलं आणि पहिले कुलगुरू झाले जनार्दन वाघमारे, लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य.

त्यानंतरचं सांगायला कंटाळा येतो. सीईटी आली, नीट आली, 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, 2020 मध्ये मेडिकल प्रवेशाचं प्रादेशिक 70:30 सूत्र गेलं. गुणवत्ता यादी गेली आणि फ्लेक्स आले. लातुरात ‘ट्यूशन एरिया’ नावाचा भाग तयार झाला, नांदेडात क्लासच्या इमारती वाढल्या. पोरगा तासाला गेला की नाही याचा मेसेज आता बापाच्या मोबाइलवर येतो. टेस्टच्या मार्कांवर बॅच बदलते, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्याशी ओळख व्हायच्या आत तो दुसऱ्या मजल्यावर गेलेला असतो. मेसवाला डबा दारात ठेवतो. मुलं आमच्यापेक्षा हुशार आहेत आणि जास्त राबतात, यात वाद नाही. पण त्यांचं उठणं, बसणं, चुकणं सगळं फीमध्ये धरलेलं आहे. सगळंच विकत मिळतं म्हटल्यावर पेपरही विकायला निघावा, याचं मला फारसं नवल वाटलं नाही. संताप मात्र आला.

यंदा पोराला किंवा पोरीला लातूर-नांदेडला सोडायला येणार असाल तर क्लासचा निकाल जरूर विचारा. त्याबरोबर रूम पार्टनर कोण, कुठल्या गावचा, दोघं एका ताटात जेवतील का, हेही बघून घ्या. आणि हजेरीचा तो मेसेज तेवढा बंद करून टाका.