पोटातला गोळा खराच असतो

जूनच्या मध्यावर शाहूवाडीत शाळा उघडतात, तेव्हा बहुधा आंबा घाटाकडून पाऊसही आलेला असतो. पहिलीचं पोर वर्गाच्या दारात आईचा पदर सोडत नाही. पोटात दुखतंय म्हणतं, आणि ते खरंच दुखत असतं.

जागा अनोळखी वाटली की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याचा इशारा देतो. रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरतं, छाती धडधडते, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि पोटात गोळा येतो. दटावून तो जात नाही. जागा, माणसं आणि दिवसाचा क्रम ओळखीचा झाला की ओसरतो.

म्हणूनच २०२२ मध्ये राज्यभरातल्या शाळांत सुरू झालेले ‘शाळा पूर्वतयारी मेळावे’ मोलाचे वाटतात. दाखल होणारी मुलं पालकांसोबत आधीच शाळेत येतात. उड्या मारतात, रंगवतात, वस्तू मोजतात, चित्रं पाहून बोलतात. बाई कोण, हे तेव्हाच कळतं.

ही दिशा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी दाखवली. १९४५ साली बोर्डी गावात त्यांचं बालवाडीचं काम सुरू झालं, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. त्यांनी मुलांना ओढून आणलं नाही, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली!

घरच्यांनी एक मात्र टाळावं: मूल खेळात रमलं की गुपचूप सटकणं. त्यानं दुसऱ्या दिवशी पदर आणखी घट्ट धरला जातो. ‘जेवणाची सुट्टी झाली की येते’ असं स्पष्ट सांगावं, लगेच निघावं आणि त्या वेळेला नक्की हजर व्हावं.