चॉपर घ्यायचीय? आधी मान बघा!

रविवारची सकाळ. सावेडीत गेटसमोर ती उभी होती. लांबलचक फोर्क, थेंबाच्या आकाराची टाकी, मागे जाडजूड टायर आणि हात खांद्याच्या वर न्यायला लावणारं हँडल. ‘ईझी रायडर’ (1969) बघून वेडा झालेला माझा दोस्त टोकन द्यायला खिशात हात घालतच होता. म्हटलं, थांब रे, आधी आरसी बघू.

आरसीवर होती साधी बुलेट 350, पासिंग एमएच-16. समोरची वस्तू बुलेट म्हणून ओळखूसुद्धा येत नव्हती. सेकंडहँड चॉपरची खरी गोम इथेच आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणजे फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करून घेतलीत, तर ही डोकेदुखीही तुमच्याच नावावर! वर अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेमवर बोट ठेवणार ते वेगळंच.

तरीही मन ऐकत नसेल, तर निदान मान तपासा. मान म्हणजे फ्रेमचा तो भाग, जिथे हँडल आणि फोर्क बसतात. फोर्क पुढे झुकवायचा तर इथेच कापून वेल्डिंग करतात आणि खड्ड्यात गाडी आपटली की सगळा मार इथेच बसतो. इथला रंग बाकीच्या गाडीपेक्षा ताजा दिसला तर सावध व्हा. खिशात लोहचुंबक ठेवा; जिथे तो चिकटणार नाही, तिथे रंगाखाली पुट्टी समजा. चॅसी नंबर बोटाने चाचपा, आरसीशी अंक न् अंक जुळवा. घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला, तर हात जोडून निघा. मागून बसून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का? रुंद टायर बसवताना चेनची लाइन हमखास बिघडते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. (बुलेटखाली तेलाचा एखादा थेंब माफ, डबकं नाही.)

ट्रायल मात्र दोन घ्या. चांदबीबी महालाच्या चढावर मजा येईलच, पण खरी परीक्षा चितळे रोडच्या गर्दीत! लांब फोर्कची गाडी हळू चालवताना पुढचं चाक एका बाजूला कोसळू पाहतं आणि यू-टर्नला अख्खा रस्ता लागतो. रोज ऑफिसला नेणार असाल, तर याचा विचार कराच.

लुना बनवणाऱ्या या शहरात दुचाकीतले दर्दी काही कमी नाहीत. आम्हीही ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मानेवर टॉर्च मारला, चिंधीने पुसलं आणि नुसताच आमच्याकडे बघत राहिला. नंबरातले शेवटचे दोन अंक वाचताच येत नव्हते. ‘रंग मारताना गेले असतील,’ मालक म्हणाला.

दोस्ताने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. सध्या तो जुनी अ‍ॅव्हेंजर शोधतोय. कंपनी फिटिंग, एक इंचही न कापलेली.