फॉर्म नंबर चार

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला मराठी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर, बहुधा तळाशी, बारीक टाइपातली एक चौकट येत आली आहे. ‘फॉर्म नं. ४, नियम ८ पाहा.’ प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि सर्वांत शेवटी मालक. एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावेही त्यात द्यायची. १९५६च्या नियमांनी ही सक्ती घातली. मालवणात ही चौकट वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, कारण पेपर कोणाचा हे इथे शेंबडे पोरही सांगते.

‘सामना’ ठाकरेंच्या शिवसेनेचा. ‘प्रहार’ २००८पासून नारायण राणेंच्या घरचा. ‘लोकमत’ दर्डांचा, ‘सकाळ’ पवारांच्या घरातला, ‘पुढारी’ कोल्हापूरच्या जाधवांचा. ‘तरुण भारत’ बेळगावच्या ठाकुरांचा. बाबूराव ठाकुरांनी तो १९१९मध्ये काढला. एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवर हे सगळे शेजारी शेजारी पडलेले असतात. आमचा वाचक हिशेब करूनच वाचतो. याच्यातले इतके वजा, त्याच्यातले इतके जमा, मग उरते ती बातमी. मालकी उघड असली की वाचक आपले बघून घेतो, असे मीही बरीच वर्षे मानत आलो. आता मानत नाही.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्ट गंजल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने सहा दिवस आधीच नौदलाला पाठवले होते, हेही लगेच घराघरांत पोचले. दोन दिवसांनी किल्ल्यावरच दोन पक्षांचे लोक एकमेकांना भिडले. राजकीय घरे भांडत होती, म्हणून तपशील बाहेर पडत राहिले. २००५मध्ये राणे शिवसेनेतून बाहेर पडले नसते, तर ‘प्रहार’ निघालाही नसता, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गोष्टी छापून आल्या नसत्या. मालकांच्या भांडणातून वाचकाला मिळणारा हा उजेड खराच असतो. मात्र तो भांडणापुरताच टिकतो.

हंगेरीत हेच मोठ्या आकारात घडले. १९९०मध्ये साम्यवादी राजवट गेली आणि तिथली जिल्हा दैनिके बऱ्याच प्रमाणात परदेशी प्रकाशकांच्या हाती आली. पुढे देशी धनिक आले. पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचे जुने मित्र लायोश शिमिच्का यांच्याकडे ‘मॉज्यॉर नेमझेत’ हे दैनिक होते. फेब्रुवारी २०१५मध्ये दोघांचे बिनसले आणि सरकारचे गोडवे गाणारा पेपर एका रात्रीत सरकारला जाब विचारू लागला. एप्रिल २०१८मध्ये ओर्बान पुन्हा जिंकले. तीन-चार दिवसांत शिमिच्कांनी पेपर बंद केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारच्या मर्जीतल्या मालकांनी आपली चारशेहून अधिक माध्यमे एका प्रतिष्ठानाला चक्क दान करून टाकली. जिल्हा दैनिके सगळी त्यात गेली. स्टॉलवर पेपर तेवढेच, नावेही वेगवेगळी. भांडणारे मालक तेवढे उरले नाहीत.

पोलंडची गोष्ट कोकणी माणसाला जास्त झोंबेल. डिसेंबर २०२०मध्ये तिथल्या ‘ऑर्लेन’ कंपनीने देशातल्या २४ प्रादेशिक दैनिकांपैकी २० दैनिके विकत घेतल्याचे जाहीर केले. ऑर्लेन ही सरकारचा वरचष्मा असलेली तेलकंपनी. तिचा मुख्य धंदा रिफायनरीचा.

आपल्याकडे नाणारच्या रिफायनरीसाठी राजापुरातल्या गावांबरोबर देवगडमधली गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही धरली होती. २०१९मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. शिवसेनेचा विरोध जाहीर होता. तरी फेब्रुवारी २०२०मध्ये रिफायनरीची भलामण करणारी जाहिरात ‘सामना’तच झळकली. पक्षाचे धोरण जाहिरातीवरून ठरत नाही, असा खुलासा उद्धव ठाकरे यांना करावा लागला. जानेवारी २०२२मध्ये मुख्यमंत्री म्हणून त्यांनीच रिफायनरीसाठी बारसूची जागा केंद्राला सुचवली. भांडणारी घरे एखाद्या प्रश्नावर जवळ येऊ लागली, की वाचकाचे वजा-जमेचे गणित कोलमडते. दोन्ही पेपर वाचले तरी हाती काही लागत नाही.

मग बातमी कोण देणार? राजापूरच्या शशिकांत वारिसे यांनी ती दिली. पेपर छोटा, ‘महानगरी टाइम्स’. रिफायनरीसाठी जोर लावणाऱ्या एका जमीन-दलालाबद्दलची त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ला छापून आली. त्याच दुपारी त्याच माणसाच्या जीपने महामार्गावर त्यांची दुचाकी चिरडली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१७मध्येच मंजूर केला होता. ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले तिथून फार लांब नाही. महिन्यापूर्वीच, ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या स्मरणार्थ गावोगाव पत्रकारांना शाली-श्रीफळे दिली गेली होती.

स्लोव्हाकियात २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पत्रकार यान कुत्सिआक आणि त्याची वाग्दत्त वधू मार्टिना यांना घरात गोळ्या घातल्या. दोघेही २७ वर्षांचे. त्याची अपुरी राहिलेली बातमी आठवडाभरात तिथल्या प्रतिस्पर्धी माध्यमांनी एकाच वेळी छापली. पंतप्रधानांना मार्चमध्ये जावे लागले. आपसातली स्पर्धा विसरून एकाच मजकुराला जागा देणारे ते संपादक मला फार मोठे वाटतात.

मालवणात माझा एक वार्ताहर मित्र आहे. त्याला पगार नाही. छापून आलेल्या मजकुराचे थोडे मानधन आणि जाहिरातींवर कमिशन. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर त्याचे घर चालते. ‘शुभेच्छुक’ म्हणून कोणाचा फोटो केवढा हवा, हे विचारत तो उन्हातान्हात बाईकवरून हिंडतो. खाडीत रात्री चालणाऱ्या वाळूउपशाची बातमी त्याने तीनदा पाठवली होती. एकदाही लागली नाही. गेल्या महिन्यात धक्क्यावर भेटला, तेव्हा मी त्याबद्दल विचारले. त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, “दोघांचेय डंपर आसत. छापतलो कोण?”