१२ व्होल्टची बॅटरी, ८ हजारांचा झटका. तरी माणूस वाचतो कसा?

आदिलाबाद : पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. राज्य बदललं तरी शेतकऱ्याची रात्रीची डोकेदुखी एकच : रानडुक्कर आणि रोही. वैतागून कुणी कुंपणाच्या तारेत थेट लाइनची वीज सोडतो. त्यात डुकरासोबत माणूसही जातो, आणि टिपेश्वर-कवाल पट्ट्यात फिरणारा वाघही.

लाइन २३० व्होल्टची, झटका मशीन ८ हजारांच्या आसपास. मग जीव घेते ती लाइनच, हे कसं?

फरक वेळेचा आणि ऊर्जेचा आहे. लाइनचा करंट सतत वाहतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. अंगातून जाणारा करंट जीव घ्यायला पुरेसा असला तरी फ्यूज उडवायला कमी पडतो. झटका मशीनचा ठोका मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागातच संपतो आणि पुढचा ठोका किमान एक सेकंदानं येतो. तेवढ्यात माणूस किंवा जनावर मागे सरकतं.

१२ चे ८ हजार एका दमात होत नाहीत. नुसत्या कॉइलनं १२ चे ४०० करायचे तर स्विच ९७ टक्के वेळ चालू ठेवावा लागेल. बरीच वीज कॉइल तापण्यातच जाईल. म्हणून आधी सर्किट बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं आणि छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर तिचे ४०० व्होल्ट करतो. ते कपॅसिटरमध्ये साठतात. पाटाचं पाणी टाकीत भरून एकदम दार उघडावं, तसा थायरिस्टर ती वीज दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. तिथे आणखी २० पट.

व्होल्ट वाढले तरी ऊर्जा वाढत नाही. २५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टला फक्त २ ज्यूल मावतात. आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा ठोक्याला ५ ज्यूल आहे. बॅटरीवर भारही दोन-तीन वॅटचाच, म्हणून छोटं सोलर पॅनल पुरतं.

मशीन घेताना मानकाचा शिक्का बघा. घरगुती जुगाडात ही मर्यादा कुणी मोजलेली नसते. अर्थिंग ओल्या जागी, खोल ठोका. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, ते कापत राहा. रस्त्याच्या बाजूला धोक्याची पाटी लावा.

आणि मशीन बिघडलं म्हणून एका रात्रीपुरतीही तार लाइनला जोडू नका.