लॅपटॉप आपला, परवानगी कोणाची?

यवतमाळ असो, पुसद असो की दारव्हा, कोर्टातली पुढची तारीख आज पक्षकार मोबाईलवर पाहतो. ही सोय २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने दिली. या प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम स्वीकारली, न्यायाधीशांना तिचे प्रशिक्षण दिले. प्रकरणांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणालीही मुक्त स्रोतावरच उभी आहे. न्यायाधीशांना जे चालते, ते आमच्या मुलांच्या वसतिगृहात का चालू नये?

तिथे काय चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. उमरखेड-वणीकडून शिकायला आलेला मुलगा बापाने उसनवारी करून दिलेल्या पैशात स्वस्त पडतो म्हणून 'डॉस'चा लॅपटॉप घेतो आणि कोणीतरी त्यात चोरीची विंडोज 'टाकून' देतो. प्रताधिकार कायदा, १९५७ चे कलम ६३ब सांगते की, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. पण ५० हजार म्हणजे त्या बापाच्या कापसाचे वर्ष!

बरे, पैसे मोजून घेतले तरी विंडोज आपल्या मालकीची होत नाही. परवान्यात स्पष्ट लिहिले आहे की, ती विकलेली नाही, वापराची परवानगी दिली आहे. अमेरिकेच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना आणला. वापरा, आतले पाहा, बदला, वाटा. अट एवढीच की पुढच्याला देताना हेच हक्क द्या. लिनक्सचा गाभा याच परवान्याखाली आहे. प्रताधिकाराच्याच कायद्याने वाटण्याचा हक्क बांधून घेतला, ही युक्ती वकील म्हणून मला फार आवडते.

"नव्या लॅपटॉपवर लिनक्स चढत नाही" ही तक्रार अर्धीच खरी आहे. विंडोज ११ आधीपासून असेल तर डिस्कला बहुधा बिटलॉकरचे कुलूप असते. आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, फाइली दुसरीकडे ठेवा, मगच बायोसला हात लावा. नाहीतर प्रकल्प-अहवालासकट सगळे गेले समजा. सिक्युअर बूट बंद करण्याची सहसा गरज नाही, उबुंटू त्यातून पार होते. अर्थात त्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच सही दाखवावी लागते, हे मला खटकते. काही इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तेव्हा बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी बंद करावे लागते; पण तसे केल्यावर जुनी विंडोज सुरू होईलच असे नाही. वाय-फायची चिप अगदी नवी असेल तर ताजी आवृत्ती घ्या, तोवर मोबाईल यूएसबीने जोडून इंटरनेट चालवा. आणि घाई कशाला? पेनड्राइव्हवरूनच उबुंटू सुरू करून वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासता येतो. डिस्कला धक्का लागत नाही.

आपली खरी अडचण निराळी आहे. चळवळीची वीस-पंचवीस वर्षांची पत्रके, निवेदने, सभासदांच्या याद्या कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. तो फॉन्ट नसेल तर कोणत्याही यंत्रावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. हे सारे युनिकोडमध्ये आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. लिनक्स घ्या वा न घ्या, ते करावेच लागेल. लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

वकीलबांधवांनी मात्र आपल्या डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. खात्री होईपर्यंत विंडोज पुसू नये, दोन्ही शेजारी-शेजारी नांदू द्याव्यात.