सौर खेळण्यांचा उद्योग सुरू करताना

● नोंदणी : ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. १ एप्रिल २०२५पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो.

● आयएसआय चिन्ह : १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून बंधनकारक. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. विजेवरच्या खेळण्यांच्या सुरक्षिततेचे मानक आहे आयएस १५६४४.

● वीज : सिलिकॉनच्या एका सौरघटातून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. घट मोठा घेतला तर करंट वाढतो, व्होल्ट नाही. त्यामुळे तीन व्होल्टच्या मोटारीसाठी सहा-सात घट एकसर जोडावे लागतात.

● ऊन : घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात कडक उन्हाच्या शंभराव्या हिश्शाइतकीही ऊर्जा नसते. ‘उन्हात खेळा’ ही सूचना खोक्यावर ठळक छापा.

● सुरक्षितता : काचेऐवजी प्लॅस्टिकचे आवरण असलेले पॅनेल वापरा. बटन सेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने बंद करा, कारण गिळलेला सेल मुलाच्या जिवावर बेतू शकतो. इथे पैसे वाचवू नका.